कमिशनर डिमेलो यांचे उत्तरायुष्य

'जाने भी दो यारो'चा विषय निघाला की घोळक्यातला एखादा जण डोळे मिटून, हात हवेत चाचपडत धृतराष्ट्र होतोच. मग दुसरा दुर्योधन होतो, तिसऱ्याला भीमाचं वाक्य तोंडपाठ असतं, आणि पुढची काही मिनिटं कुणी कुणाचं ऐकत नाही. चित्रपट १९८३च्या ऑगस्टमध्ये आला. तेव्हा थेटरात जाऊन तो पाहिलेली माणसं क्वचित भेटतात. भेटतात ती दूरदर्शनवर, नंतर कॅसेटवर आणि आता मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी पाहिलेली. तरी महाभारताच्या प्रवेशावर सगळ्यांचं एकमत. त्या एकमताबद्दल माझं काही म्हणणं नाही. हिंदी पडद्यावरच्या विनोदाचं ते शिखर आहे असं कुणी म्हटलं तर मी मान डोलवीन. तक्रार एवढीच की या गप्पांत नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, रवी बासवानी, पंकज कपूर सगळ्यांची आठवण निघते. आणि ज्याच्या खांद्यावर, खरं तर ज्याला खांद्यावर घेऊन, तो सगळा प्रवेश उभा राहतो त्याला "हो, सतीश शाहपण होता की" एवढ्यावर वाटेला लावतात.

सतीश शाह या चित्रपटात म्युनिसिपल कमिशनर डिमेलो आहे. जिवंत असतो तोवर त्याच्या वाट्याला फार थोडे प्रवेश येतात. खरी भूमिका सुरू होते ती त्याचा खून झाल्यावर. तिथून तो शवपेटीत बसतो, गाडीमागे ओढला जातो, पायांत चाकं बांधून रस्त्यावरून धावतो, बुरखा घेतो, लुगडं नेसतो, आणि शेवटी भर सभेत द्रौपदी म्हणून उभा राहतो. एकही वाक्य न बोलता, पापणी न हलवता.

नाटकासिनेमात मेलेल्या माणसाचं काम म्हणजे आडवं पडायचं आणि श्वास रोखायचा, एवढीच आपली कल्पना. डिमेलोचं काम निराळंच आहे. त्याला ढकलणाऱ्याला तो जड वाटला पाहिजे, पण इतका जड नको की ढकलणं खोटं वाटावं. उभा केला तर पडता पडता राहिला पाहिजे. सोडला की कलंडला पाहिजे, आणि कलंडताना स्वतःला सावरण्याची जी प्रत्येक जिवंत देहाची सवय असते ती मारून टाकली पाहिजे. पडणारा माणूस आपसूक हात पुढे टाकतो. सतीश शाह टाकत नाही. चेहऱ्यावर त्याने एक भाव निवडला आहे आणि तो शेवटपर्यंत सोडलेला नाही: ओठांची किंचित मुरड, अर्धवट समाधानाची. जेवण बरं झालं होतं, असं काहीसं. खून झालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर भीती असेल, दुःख असेल असं आपण धरून चाललेलो असतो. इथे मात्र सरकारी खुर्चीतलं सुख मरणानंतरही ओसरलेलं नाही. आणि हा भाव इतका मोघम आहे की समोरचा त्यातून वाटेल ते वाचू शकतो. पुढचा सगळा चित्रपट त्या मोघमपणावर चालतो.

मला या चित्रपटाचं मर्म इथे दिसतं. डिमेलोच्या प्रेताकडे प्रत्येक जण पाहतो आणि प्रत्येकाला आपल्या सोयीचं काहीतरी दिसतं. कुणाला दारुडा ड्रायव्हर, कुणाला सौदा, कुणाला कुलवधू. प्रेत दिसतं ते फक्त दोन भुक्कड फोटोग्राफरांना, आणि त्यांचं ऐकायला कुणाला वेळ नाही.

हे दोघे म्हणजे विनोद चोप्रा आणि सुधीर मिश्रा. नावं ओळखीची वाटत असतील तर ती खऱ्या माणसांचीच आहेत. सुधीर मिश्रा हा या चित्रपटाच्या कथेत दिग्दर्शक कुंदन शाहचा भागीदार, आणि विधु विनोद चोप्रा निर्मितीची व्यवस्था पाहत होता. पैसा राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, आणि तोही एकूण सात लाखांच्या आतला. कुंदन शाह, छायालेखक बिनोद प्रधान, संकलक रेणू सलुजा, नसीर, ओम पुरी, सतीश शाह, चोप्रा ही सगळी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून, म्हणजे आपल्या 'प्रभात'च्या आवारातून, बाहेर पडलेली मंडळी. कथेचं बीजही तिथलंच: कुंदनच्या इन्स्टिट्यूटमधल्या दोस्तांनी हैदराबादेत फोटो स्टुडिओ काढला होता, त्यांच्या फजितीच्या हकिगती त्याने ऐकल्या होत्या. पडद्यावरच्या विनोद-सुधीरच्या गळ्यातला कॅमेरा नसीरचा स्वतःचा होता आणि चित्रीकरणाच्या काळात तो चोरीला गेला. या चित्रपटाला शोभेल अशीच ही चोरी.

रसिक मंडळी पहिला अर्धा तास वगळून पुढे जातात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. त्या अर्ध्या तासात 'ब्यूटी फोटो स्टुडिओ'चं उद्घाटन होतं आणि कुणी फिरकत नाही. दोघांचे धुतलेले कपडे, हारतुरे, आणि समोरचा रिकामा रस्ता. विनोद त्यातला गंभीर. जगात आपली कदर होणारच अशा खात्रीने तो उभा राहतो. सुधीर उतावळा, हावरा, लगेच खूश आणि लगेच खट्टू होणारा. रवी बासवानीला या कामासाठी फिल्मफेअरचं उत्कृष्ट विनोदी अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं, आणि नसीरला काही मिळालं नाही, यात मोठीच गंमत आहे. कारण बासवानीचा सुधीर जेवढा हसवतो त्याचं निम्मं श्रेय शेजारी तोंड पाडून उभ्या असलेल्या नसीरला आहे. नसीर इथे विनोद करतच नाही. तो एका सामाजिक चित्रपटाचा नायक आहे, फक्त चुकीच्या चित्रपटात येऊन पडला आहे.

धंदा चालत नाही म्हणून हे दोघे 'खबरदार' नावाच्या नियतकालिकासाठी काम घेतात. संपादिका शोभा सेन. काम असं की बिल्डर तर्नेजा आणि कमिशनर डिमेलो यांचं साटंलोटं कॅमेऱ्यात पकडायची. तर्नेजाचा प्रतिस्पर्धी आहुजा. सगळ्यांचा डोळा मुंबईतल्या उड्डाणपुलांच्या कंत्राटावर. १९८३ सालच्या मुंबईकराला हे समजावून सांगावं लागत नव्हतं. त्याच्या आदल्याच वर्षी, जानेवारी १९८२मध्ये, सिमेंटच्या वाटपाच्या बदल्यात बिल्डरांकडून ट्रस्टसाठी देणग्या घेतल्याच्या प्रकरणात उच्च न्यायालयाच्या निकालानंतर मुख्यमंत्री अंतुले यांना पायउतार व्हावं लागलं होतं. सिमेंट ही तेव्हा परमिटवर मिळणारी वस्तू होती आणि वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरची बातमीही. कुंदन शाह नावं घेत नाही. त्याला ती घ्यायची गरजच पडत नाही.

जिवंत डिमेलोचं थोडक्यात पण ठसठशीत चित्र त्याने काढलं आहे. साहेब परदेशवारी करून आलेले आहेत आणि त्या वारीतून त्यांनी आणलेली दोन रत्नं म्हणजे केक खाण्याची पद्धत आणि गटारांविषयीचा आदर. थोडं खायचं, थोडं फेकायचं, ही अमेरिकेची रीत ते इतक्या श्रद्धेने शिकवतात की ऐकणारे खरोखरच तसं करू लागतात. सतीश शाहच्या तोंडात केक भरलेला आहे, शब्द त्याच्या आजूबाजूने वाट काढत बाहेर येत आहेत. कंत्राटांचं वाटप याच रीतीने होतं, हे सांगायला दुसरा प्रवेश लिहावा लागत नाही. रणजित कपूर आणि सतीश कौशिक यांच्या संवादांचा गुण हा. टीका करायला ते थांबत नाहीत. पात्र आपल्या नादात बोलत राहतं आणि टीका होऊन जाते.

डिमेलोने आहुजाचा पैसा घेऊन तर्नेजाला फसवलेलं असतं, म्हणून तर्नेजा त्याला गोळी घालतो. त्याच सुमारास विनोद आणि सुधीर एका स्पर्धेसाठी बागेत फोटो काढत हिंडत असतात. फिल्म धुतली, फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, तर मागे धूसर कोपऱ्यात पिस्तूल घेतलेला माणूस. बागेचं नाव अँटोनिओनी पार्क. इटालियन दिग्दर्शक मिकेलांजेलो अँटोनिओनीच्या १९६६च्या 'ब्लो-अप'मध्ये लंडनमधला एक फॅशन फोटोग्राफर असाच फोटो मोठा करत जातो आणि त्याला खून दिसतो. फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या पोरांनी तो चित्रपट किती वेळा पाहिला असेल याची कल्पना करता येते. पण हा नुसता गुरुजींना केलेला नमस्कार नाही. अँटोनिओनीच्या नायकाला शेवटी आपण काही पाहिलं का याचीच शंका येते. सत्य असतं का, असा तो घोर प्रश्न आहे. आपल्या दोघांना अशी चैन परवडत नाही. त्यांना खून दिसला आहे, खुनी दिसला आहे, प्रेताची कफलिंक हातात आहे. सत्याबद्दल इथे तिळभर शंका नाही. गिऱ्हाईक नाही, एवढंच. युरोपातला तत्त्वज्ञानाचा पेच मुंबईत आला की तो बाजाराचा पेच होतो, हा बदल कुंदन शाहने एकही भाषण न देता केला आहे.

मग उड्डाणपुलाचं उद्घाटन. पुलाला नाव डिमेलोचंच. नवे कमिशनर श्रीवास्तव दिवंगत साहेबांना श्रद्धांजली वाहतात, आणि ती संपूर्ण श्रद्धांजली गटार या एका विषयावर आहे: देशाची प्रगती गटारांवरून ओळखावी, साहेब गटारासाठी जगले, गटारासाठी गेले. आपल्याकडे शोकसभेचं भाषण कसं होतं हे ज्याने ऐकलं आहे त्याला या प्रवेशातली लय ओळखू येईल. आवंढा कुठे गिळायचा, थोर हा शब्द किती लांबवायचा, सगळं जागच्या जागी आहे. फक्त विषय बदलला आहे. टाळ्या पडतात. आणि ज्याच्यावर हे भाषण चाललं आहे तो त्या पुलाच्या बुडाशीच शवपेटीत आहे.

आता ओम पुरीचा प्रवेश. माझ्या मते महाभारतापेक्षा हा कणभर सरस आहे, आणि या मतापायी मी अनेकदा एकटा पडलो आहे. रात्र आहे. विनोद आणि सुधीरला सापडलेली आणि त्यांच्या हातून निसटलेली शवपेटी रस्त्यात आहे, तिच्यात डिमेलो बसल्यासारखा. आहुजा गाडी हाकत येतो, पिऊन तर्र. त्याला शवपेटी दिसत नाही; त्याला एक परदेशी बनावटीची उघडी मोटार दिसते, आणि तिच्यात त्याच्यासारखाच झिंगलेला एक सद्गृहस्थ. पुढची सगळी मिनिटं तो त्या सद्गृहस्थाशी बोलतो. आधी कुरापत काढतो. उत्तर येत नाही म्हणून अपमान वाटून घेतो. मग दारुड्याला दारुड्याचा येतो तसा कळवळा येतो. गाडी बंद पडली असेल, टायर गेला असेल, घाबरू नकोस, मी आहे. शेवटी दोर बांधून तो शवपेटी आपल्या गाडीमागे ओढत नेतो, आणि जाताना स्टिअरिंग सांभाळायची सूचनाही देतो.

दारुड्याचं सोंग आपल्या पडद्याला नवं नाही. झोकांड्या, उचक्या, जड जीभ हे सामान केश्तो मुखर्जीच्या काळापासून तयार आहे. ओम पुरीने त्यातलं फारसं उचललं नाही. त्याचा आहुजा तर्कशुद्ध आहे. एकदा समोरची वस्तू मोटार आहे हे गृहीत धरलं की त्याच्या प्रत्येक कृतीला कारण आहे, प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्यातून निघतं. ड्रायव्हर बोलत नाही म्हणजे गर्विष्ठ असला पाहिजे. हलत नाही म्हणजे जास्त झाली असली पाहिजे. आणि आवाजात पंजाबी ठेकेदाराची ती ऐसपैस माया, जिच्यातून दोन मिनिटांत भांडण निघू शकतं. या प्रवेशात सतीश शाह काय करतो ते पुन्हा एकदा पाहावं. आहुजा बोलायचा थांबतो तेव्हा डिमेलोचं न बोलणं हे उत्तर म्हणून ऐकू येतं. हिशेबाने थांबलेल्या दोन नटांमधलं ते संभाषण आहे, त्यातला एक मेलेला आहे इतकंच. बिनोद प्रधानचा कॅमेराही शहाणा. तो लांब उभा राहतो, दोघांना एका चौकटीत ठेवतो आणि मध्ये लुडबुड करत नाही.

आणि गंमत पाहा, आहुजाने या माणसाला भरपूर पैसे चारले आहेत. त्याच्याच मेहेरबानीने कंत्राट मिळवलं आहे. तरी तो त्याला ओळखत नाही. कमिशनर म्हणून ज्याच्यापुढे तो वाकला असेल त्याचा चेहरा त्याने कधी नीट पाहिलाच नव्हता की काय, असं मनात येतं. पाहिली असेल ती खुर्ची.

टेलिफोनचा प्रवेश असाच पाहण्याच्या आंधळेपणावरचा, पण तो मी घाईने सांगून पुढे जातो, कारण तो सांगण्यात मजा नाही. एकाच खोलीत दोन माणसं हातात रिसीव्हर घेऊन एकमेकांशी फोनवर बोलत आहेत, दुसरा कुठेतरी लांब आहे अशा समजुतीने. नसीर आणि सतीश कौशिक. दोरे गुंतत जातात, आवाज चढत जातात. परवलीचं वाक्य म्हणून या चित्रपटात सईद मिर्झाच्या 'अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है' या चित्रपटाचं नाव वापरलं आहे, आणि त्या चित्रपटात अल्बर्ट पिंटो झालेला नसीरच इथे आहे. घरच्या घरी केलेली थट्टा. समांतर सिनेमाच्या त्या गंभीर दिवसांत स्वतःवर हसायची तयारी असलेले लोक किती थोडे होते हे आठवलं की तिचं मोल वाढतं.

शोभा सेनबद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे, विशेषतः मराठी वाचकाशी. भक्ती बर्वे म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे 'ती फुलराणी'तली मंजुळा येते, पु. लं.च्या त्या नाटकात तिने एका फुलवालीचा गावरान ठसका आणि नंतर कमावलेली शुद्ध वाणी, दोन्ही लीलया पेलली होती. आकाशवाणी आणि दूरदर्शनवर घडलेला तो आवाज. कुंदन शाहने तोच आवाज संपादिकेला दिला आणि आपली पंचाईत केली. कारण तो आवाज ऐकला की आपण विश्वास ठेवतो. इतकं स्वच्छ, ठाम, सुसंस्कृत बोलणारी बाई सत्याच्या बाजूचीच असणार. ती विनोद आणि सुधीरला ध्येयवादाचे धडे देते तेव्हा तेही भारावतात, आपणही. आणि मग तोच सूर तसूभरही न बदलता ती तर्नेजाशी सौदा करायला बसते. आवाज चोरटा होत नाही, नजर खाली जात नाही. शोभा सेन ढोंगी आहे असंही म्हणवत नाही; पत्रकारिता आणि खंडणी यांच्यात तिला फरकच जाणवत नाही. या चित्रपटाच्या चार वर्षं आधी, १९७९मध्ये, जब्बार पटेलांच्या 'सिंहासन'मध्ये निळू फुल्यांचा दिगू नावाचा पत्रकार हेच सगळं राजकारण जवळून पाहतो आणि शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो. ज्याला दिसतं त्याला ते सोसवत नाही, असं दिगू दाखवतो. शोभाला सगळं दिसतं, सोसतं, आणि त्याचे किती येतील हेही ठाऊक असतं. ही व्यक्तिरेखा दिगूइतकीच लक्षात राहायला हवी होती. रसिकांच्या गप्पांत तीही प्रेतासारखीच उपेक्षित.

प्रेताला घेऊन पळापळ सुरू होते तिथे चित्रपट थोडा सैलावतो, हेही सांगून टाकावं. बुरख्यातल्या बायकांच्या घोळक्यातला भाग लांबला आहे. पाठलागाची चाल त्याच त्या वळणावर परत येते. नीना गुप्ताच्या प्रियाला तर्नेजाच्या अवतीभवती सुंदर दिसण्यापलीकडे काम नाही. आवाजाची बाजू कुठे कुठे कच्ची आहे, ते पैशाचं दुखणं. पण डिमेलोच्या पायांना चाकं लावण्याची कल्पना या सैल भागातलीच, आणि तेवढ्यासाठी मी सगळं माफ करतो. गोदरेजचं कपाट जिन्यावरून चढवताना चार जण जशा परस्परविरोधी सूचना देतात तशा सूचनांत ते प्रेत मुंबईच्या रस्त्यावरून घरंगळत जातं.

आणि मग ते नाटकाच्या मंडपात शिरतं.

रंगमंचावर द्रौपदी वस्त्रहरण चालू आहे. डिमेलो द्रौपदीच्या जागी, पदर चेहऱ्यावर ओढून उभा. त्याला सोडवायला विनोद दुर्योधन होऊन आला आहे. पळवायला आहुजा भीम होऊन आला आहे. दुःशासन स्वतः विधु विनोद चोप्रा. मराठी प्रेक्षकाला हा मामला अगदीच अनोळखी नाही. १९८०मध्ये गंगाराम गवाणकरांचं मालवणी 'वस्त्रहरण' मच्छिंद्र कांबळींनी रंगभूमीवर आणलं तेव्हापासून कौरवसभेतला गोंधळ आपल्या ओळखीचा आहे. पण दोन्हींतला गोंधळ निरनिराळ्या कारणांनी होतो. 'वस्त्रहरण'मधल्या गावकऱ्यांना नाटक मनापासून करायचं आहे, ते त्यांना जमत नाही. त्यांच्या न जमण्यावर आपण प्रेमाने हसतो. इथे आत घुसलेल्या एकालाही नाटक करायचं नाही. प्रत्येकाला प्रेत हवं आहे. आणि तरी नाटक चालूच राहतं, कारण पुढे काय बोलायचं याची सवय सगळ्यांना आहे.

या प्रवेशातली भाषा कानाने पाहण्यासारखी आहे. पौराणिक नाटकाची ती जडजंबाल हिंदी, 'हे आर्यपुत्र'च्या चालीवरची, आणि तिच्या मधोमध कचेरीतला शब्द येऊन आदळतो. दुर्योधन जाहीर करतो की अशी सती पाहून चीरहरणाचा बेत आपण रद्द केला आहे, आणि 'रद्द' या अर्थाचा जो इंग्रजी शब्द तो वापरतो तो बोर्ड मीटिंगमधून सरळ हस्तिनापुरात आलेला. भीम गरजतो की द्रौपदी एकट्याची नाही, आम्ही सगळे तिचे भागधारक आहोत. हसू येतं ते विसंगतीचं, हे खरं. पण आहुजा इथे चुकून पौराणिक भाषेत धंद्याचा शब्द घुसडतो आहे असं मला वाटत नाही. तो पहिल्यांदाच खरं बोलतो आहे. कमिशनर कुणा एकट्या बिल्डरचा नसतो, त्यात सगळ्यांचे भाग असतात; एकट्याने पळवू पाहिला तर भांडण होणारच. तर्नेजाच्या दिवाणखान्यात जे कुणी उघड बोललं नाही ते गदा हातात आल्यावर भर सभेत बोललं गेलं.

द्रौपदी मात्र बोलत नाही. महाभारतातल्या द्रौपदीने त्या सभेत प्रश्न विचारला होता, आणि भीष्मद्रोणांना उत्तर देता आलं नव्हतं. इथली द्रौपदी त्या अर्धवट समाधानी चेहऱ्याने पदराआड उभी. ही बदली क्रूर आहे. प्रश्न विचारण्याचं काम मग उरतं धृतराष्ट्राकडे. तो बिचारा खराखुरा नट, आपलं नाटक कुठे चाललं आहे ते त्याला समजत नाही, म्हणून आंधळ्या डोळ्यांनी तो पुन्हा पुन्हा विचारत राहतो की हे काय चाललं आहे. सबंध चित्रपटात रीतसर आंधळा असा हा एकच माणूस, आणि योग्य प्रश्न विचारणाराही हा एकच. गप्पांत सगळे त्याचीच नक्कल का करतात याचं कारण बहुधा हेच असावं. बाकीच्यांच्या नकला करायला अभिनय लागतो, धृतराष्ट्राचा प्रश्न रोजच्या वापरातला आहे.

मग अकबर येतो, सलीम येतो, हस्तिनापुराचा आग्र्याशी सांधा जुळतो. रेणू सलुजाने हा गोंधळ कापला आहे तो इतका नेमका की कोण कुठून आत आलं आणि प्रेत या क्षणी कुणाच्या ताब्यात आहे हे एकदाही सुटत नाही. गोंधळ दाखवायला शिस्त लागते. चित्रपटातल्या बऱ्याच गोष्टी, अनुपम खेरची आख्खी भूमिकासुद्धा, तिच्या टेबलावर गळल्या. राहिल्या त्या पाहिल्यावर हळहळ वाटत नाही.

कुंदन शाहला या चित्रपटासाठी पदार्पणाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. पुढच्याच वर्षी दूरदर्शनवर 'ये जो है ज़िंदगी' आली, कुंदन तिच्या दिग्दर्शकांपैकी एक, आणि तीत सतीश शाह दर भागात नवा माणूस होऊन येऊ लागला: कधी बंगाली, कधी दाक्षिणात्य, कधी आणखी कुणी. लोकांनी त्याला तेव्हा बहुरूपी म्हणून डोक्यावर घेतलं. मला त्यात डिमेलोचंच उत्तरायुष्य दिसतं. या देहावर कोणतंही रूप चढवता येतं, हे आधी मेलेल्या अवस्थेत सिद्ध झालं होतं. २०२५च्या ऑक्टोबरात सतीश शाह गेला तेव्हा सगळीकडे मालिकेतल्या त्याच्या इंद्रवदन साराभाईचे तुकडे फिरले, आणि ते साहजिक होतं. इंद्रवदन लाडका आहे. पण इंद्रवदनला संवाद होते.

शेवट. सगळे सौदे जुळतात. तर्नेजा, आहुजा, शोभा, नवे कमिशनर एका टेबलाभोवती बसून सामंजस्याने सगळं मिटवतात. पूल कोसळला आहे, त्याला कुणीतरी जबाबदार हवं, आणि विनोद आणि सुधीर हाताशी आहेत. म्हणजे दीड-दोन तास त्या दोघांनी ज्याला वाहून नेलं त्याचीच जागा आता त्यांना मिळते. त्यांच्याकडेही ज्याला जे हवं ते पाहता येईल: घातपाती, देशद्रोही, काहीही. त्यांच्याही तोंडून उत्तर येणार नाही.

कैद्यांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांत ते दोघे मुंबईच्या रस्त्यावरून चालत येतात, मागे 'हम होंगे कामयाब'चे सूर. हे गाणं त्यांनी चित्रपटभर उमेदीने गुणगुणलेलं आहे. मग दोघे आपल्याकडे वळून गळ्यावरून हात फिरवतात. या खुणेवरून आमच्या मित्रमंडळात दोन तट आहेत. एका तटाचं म्हणणं, ती जास्तीची आहे. गाणं पुरेसं होतं, कपडे पुरेसे होते. मी दुसऱ्या तटात. हे दोघे सबंध चित्रपट कॅमेऱ्याच्या मागे होते, पाहणारे होते. आता प्रथमच भिंगाच्या समोर उभे राहून थेट आत पाहतात, आणि जे पाहिलं त्याचा निकाल हाताने सांगतात, कारण तोंडाने सांगून झालेलं आहे. शिवाय ती खूण करताना बासवानीच्या चेहऱ्यावर किंचित मिश्कीलपणा आहे आणि नसीरच्या चेहऱ्यावर तो मुळीच नाही. तिथे हसायचं की नाही, यावरही तट आहेतच. मी हसतो.